‘तो काही करत नाही’ म्हणणाऱ्यांस

आपल्याकडे काही वाक्ये अशी आहेत की ती उच्चारली की बोलणाऱ्याचे समाधान होते आणि ऐकणाऱ्याचा धीर सुटतो. ‘घाबरू नका, तो काही करत नाही’ हे त्यांपैकी एक. फाटकाच्या आत दांडगा कुत्रा गुरगुरत असतो, बाहेर कोणी वयस्क गृहस्थ छत्री पुढे धरून किंवा एखादी बाई मुलाला कडेवर घेऊन उभी असते, आणि घरधनी व्हरांड्यातल्या खुर्चीवरून न उठता हे अभयवचन देतो. या वाक्याविरुद्ध मला आज लिहायचे आहे. त्याच्याच जोडीला समोरच्या बाजूने येणारे दुसरे वाक्य आहे : ‘असल्या जातीचा कुत्रा घरात ठेवूच नये, नेऊन सोडा कुठेतरी.’ मला त्याचाही समाचार घ्यायचा आहे. पहिले वाक्य उर्मट आहे, दुसरे निष्ठुर आहे, आणि दोन्ही बोलणाऱ्यांना आपण फार समंजस आहोत असे वाटत असते.

हा विषय साहित्याच्या अंकात कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना माझे उत्तर असे की, ज्या प्रश्नावरून भावंडांची तोंडे फिरतात आणि गणपतीच्या पाटासमोर जमणारे घर निम्मे रिकामे राहते, तो प्रश्न क्षुल्लक नसतो. आमच्या घरात हे घडू लागले होते, म्हणून माझा अधिकार सांगतो.

आमोण्याला आमचे मूळ घर आहे. आम्ही चार भावंडे. मी इथेच राहिलो, एक भाऊ म्हापशाला, दुसरा बेळगावला, आणि थोरली बहीण दोडामार्गच्या बाजूला दिलेली. चवथीला सर्वांनी मूळ घरी यायचे हा आमच्या वडिलांच्याही आधीपासूनचा शिरस्ता. माझा धाकटा मुलगा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. त्याच्या एका सहकाऱ्याची २०२२ साली पावसाळ्यानंतर दूर उत्तरेत बदली झाली. त्याच्याजवळ दीड वर्षाचा रॉटवायलर होता. नव्या जागेत कुत्रा चालणार नव्हता आणि जातीचे नाव ऐकून घ्यायला कोणी पुढे येईना. माझ्या मुलाने तो आणायचे मनात घेतले आणि मला विचारले. मुख्याध्यापकाकडे अर्ज आला की अटी लागतातच. मी तीन घातल्या. आधी परसात पक्के कुंपण, मग कुत्रा. आधी लसीचे कागद आणि नसबंदी, मग घरात प्रवेश. आणि बाहेर काढताना साखळी जाणत्या माणसाच्याच हातात, मुलांच्या हातात कधीही नाही. मुलाने दोन पगार कुंपणावर घातले, तेव्हा सीझर आमच्या घरी आला. माझी बहीण त्याला ‘तुमचा तो काळ’ म्हणते. रंगानेही तो काळाच असल्यामुळे तिला एका शब्दात दोन्ही अर्थ साधतात.

पहिल्या दोन वर्षांत नाराजी होती, पण ती थट्टेच्या अंगाने. मग ऑगस्ट २०२४ मध्ये हणजूण येथे एका सात वर्षांच्या मुलाचा पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. सगळा गोवा हादरला. चवथ पंधरा दिवसांवर होती. ताईचा फोन आला : “भाऊ, तुझे ते सुणे घरात असेपर्यंत मी नातवाला घेऊन तुझा उंबरा चढायची नाही. राग मानू नकोस.” म्हापशाच्या भावाने तेच जरा गोड शब्दांत सांगितले. बेळगावची वहिनी म्हणाली, “कुत्रा ठेवायचा की माणसे, ते एकदा ठरवा.” माझा मुलगा चिडला. “आमच्या सीझरने कधी कोणाला ओरखडा तरी काढला आहे का? यांना त्या जातीबद्दल काही माहीत नाही, नुसता गैरसमज!” असे त्याचे म्हणणे.

आता वादाला हात घालतो. माझ्या मुलाचे म्हणणे माहितीच्या दृष्टीने बरेचसे बरोबर होते, आणि तरीही ताईला द्यायचे उत्तर म्हणून ते कुचकामी होते.

आधी माहितीची बाजू पाहू. रॉटवायलर हे नाव जर्मनीतल्या रॉटवाइल या गावावरून पडले. तिथल्या खाटकांची गुरे हाकणे, त्यांच्या मालाच्या गाड्या ओढणे ही या कुत्र्याची मूळ कामे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पोलिसांच्या कामाला लागला. पिटबुलची कथा निराळी. इंग्लंडात बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ चाले. त्या खेळाला १८३५ साली कायद्याने बंदी झाली, तेव्हा शौकिनांनी खड्ड्यात कुत्र्याशी कुत्रा लढवण्याचा चोरटा धंदा आरंभला, आणि त्यासाठी जी पैदास झाली ती पुढे अमेरिकेत पिटबुल म्हणून वाढली. एकाचा पूर्वज गुराखी, दुसऱ्याचा पूर्वज माणसाच्या क्रूर करमणुकीचा कैदी. आपल्या बोलण्यात मात्र दोघे एकाच पिंजऱ्यात बसतात.

जातीवरून स्वभाव कितपत कळतो, याचाही शोध झाला आहे. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली माहिती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय तपासणी त्यात होती. निष्कर्ष असा की, एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वर्तनात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे नऊ टक्केच फरक जातीने उलगडतो. बाकीचा भाग त्या कुत्र्याचा स्वतःचा पिंड, त्याचे संगोपन, त्याचे अनुभव यांचा. पिल्लू तीन आठवड्यांचे असल्यापासून साधारण बारा आठवड्यांचे होईपर्यंत त्याला माणसे, मुले, आवाज, इतर जनावरे यांची ओळख व्हावी लागते. ती झाली नाही तर पुढे ते भित्रे होते, आणि भित्रा कुत्रा चावतो. आईपासून लवकर तोडून खोक्यात घालून विकलेले पिल्लू म्हणूनच धोक्याचे. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये असा आपल्याकडे २०१७ चा नियम आहे. तो किती पाळला जातो, हे पिल्लू विकत घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाला विचारावे.

लोकांच्या मनातली वाईट जातही काळाप्रमाणे बदलते. पहिल्या महायुद्धात जर्मन या शब्दाचाच इंग्रजांना इतका तिटकारा आला की जर्मन शेफर्ड कुत्र्याचे त्यांनी ‘अल्सेशियन’ असे नामांतर करून टाकले. तेथील केनेल क्लबने मूळ नाव पुन्हा स्वीकारले ते १९७७ साली. आमच्या लहानपणी डिचोली तालुक्यात एखाद्या खाणमालकाच्या फाटकात अल्सेशियन आहे म्हटले की आम्ही मुले रस्ता बदलत असू. पुढे डॉबरमनची पाळी आली, आणि आता रॉटवायलर-पिटबुलची. आज अल्सेशियनला कोणी राक्षस म्हणत नाही. त्याचे दात काही लहान झालेले नाहीत.

इथवर माझा मुलगा खूश होईल. पण पुढचे सत्यही त्याने ऐकले पाहिजे, आणि त्याच्यासारख्या सर्व मालकांनी ऐकले पाहिजे. कुत्रा चावेल की नाही हे जात फारसे सांगत नाही. चावला तर काय होईल, हे मात्र ती स्पष्ट सांगते. माझ्या शाळेतल्या एका मुलीला शेजारच्या घरातला पांढरा, केसाळ, मांडीवर मावणारा कुत्रा पोटरीला चावला होता. त्याच्याही मालकिणीने ‘तो काही करत नाही’ हेच सांगितले होते. दोन टाके, इंजेक्शने, आणि प्रकरण मिटले. रॉटवायलर नर पन्नास-साठ किलोंचा असतो. त्याने एकदाच चूक केली तर टाके मोजायची वेळ राहीलच असे नाही. लखनौमध्ये जुलै २०२२ मध्ये बळी गेलेली स्त्री ब्याऐंशी वर्षांची निवृत्त शिक्षिका होती, आणि तो पिटबुल परका नव्हता, तिच्या घरचा होता. आयुष्यभर मुलांना शिकवणाऱ्या बाईचा असा अंत झालेला वाचला, तेव्हा माझे वृत्तपत्र हातातच राहिले. त्या घरातही ‘तो काही करत नाही’ असेच सर्वांना वाटत असणार. वाटत नसते तर कोणी त्याला आईजवळ ठेवले असते का?

म्हणून मी म्हणतो की ताईची भीती हा गैरसमज नाही. तिला जातीचा इतिहास ठाऊक नसेल, नऊ टक्के ठाऊक नसतील, पण पाच वर्षांचे मूल आणि पन्नास किलोंचे जनावर एका अंगणात आले तर पणाला काय लागते, ते तिला बरोबर ठाऊक आहे. भीती बाळगणे हा पाहुण्याचा हक्क आहे. ती दूर करणे मालकाचे काम आहे, आणि ते तोंडाने करायचे काम नव्हे.

कुत्र्यांचे कैवारी अशा वेळी आणखी दोन युक्तिवाद करतात. एक धार्मिक. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान आहेत, धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकायला नकार दिला, नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली. सर्व खरे, सर्व वंदनीय. साखळीच्या दत्तमंदिरात मीही हात जोडतो. पण दत्तगुरूंच्या पायाशी श्वान बसले आहेत, म्हणून माझ्या बहिणीने माझ्या परसातल्या श्वानापाशी निर्धास्त बसावे, हा कोणता न्याय? ज्यांना पुराणातलाच दाखला हवा, त्यांनी आपल्या गावच्या राखणदाराकडे पाहावे. आमचा बेताळ घ्या. तो रात्री गावाच्या सीमेवर फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला वहाणा वाहतात. या उग्र राखणदाराविषयी ‘तो काही करत नाही’ असे गावातले कोणी आजवर म्हणाले आहे काय? त्याचा मान ठेवतात, त्याची हद्द पाळतात, आणि त्याच्याच भरवशावर निश्चिंत झोपतात. उग्र शक्तीबरोबर सलोख्याने राहायची रीत आपल्या वाडवडिलांना माहीत होती. त्या रीतीत हद्द आधी येते.

दुसरा युक्तिवाद अलीकडचा, शहरी. ‘कुत्र्याच्या जातीवरून त्याला दोषी ठरवणे म्हणजे जातिवादच!’ मराठीत दोन्हींना ‘जात’ हा एकच शब्द पडला, त्याचा हा गैरफायदा आहे. कुत्र्याच्या जाती माणसाने ठरवून, विशिष्ट कामासाठी, पिढ्यान् पिढ्या निवड करून घडवल्या. अंगाचा आकार, जबड्याची ताकद त्या निवडीतून आली. माणसाच्या जातींत असले काही नाही. तिथे केवळ अन्याय आहे. या दोहोंची सांगड घालणारा मनुष्य ज्यांनी तो अन्याय सोसला त्यांच्या दुःखाची चेष्टा करतो. सीमेवरच्या आपण लोकांनी तर ही भाषा मुळीच वापरू नये. घाटावरून आलेल्याला गोव्यात कोणत्या नावाने हिणवतात, आणि आपल्यापैकी कित्येकांना पलीकडच्या कचेऱ्यांत भाषेवरून काय ऐकावे लागते, हे आपण जाणतो. तो माणसांचा प्रश्न आहे. तो कुत्र्याच्या पट्ट्याला बांधू नका.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण ‘बंदी घाला’ आणि ‘सोडून द्या’ म्हणणाऱ्यांनाही मी मोकळे सोडणार नाही.

केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून तेवीस प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास सांगितले. त्या यादीत पिटबुल, रॉटवायलर होतेच, पण ‘टेरियर’ आणि ‘मॅस्टिफ’ अशी सरसकट कुळांची नावेही होती. टेरियर म्हटले की त्यात उंदीर पकडणारे टीचभर कुत्रेही आले. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते पत्र रद्द केले, कारण संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेताच ते काढले होते. पुढे गोव्यात हणजूणची घटना घडली. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पिटबुल आणि रॉटवायलर यांच्यावर बंदीची दिशा धरली, आणि त्याच वर्षी उग्र जनावरांच्या पैदाशीवर निर्बंध घालणारे व हल्ल्यात बळी पडलेल्यांना भरपाई देववणारे विधेयक विधानसभेपुढे आले.

यातला भरपाईचा भाग मला मनापासून मान्य आहे. ज्याचा कुत्रा त्याची जबाबदारी, हे तत्त्व मालकाच्या खिशाला कळले पाहिजे. पैदाशीच्या चोरट्या धंद्याला चाप बसावा, हेही मान्य. पण नुसत्या नावाने बंदी घातली की सुरक्षितता येते, या समजुतीला जगातला अनुभव दुजोरा देत नाही. ब्रिटनने १९९१ साली पिटबुलसह चार जातींवर बंदी घातली. तीस वर्षांनी ‘एक्सएल बुली’ नावाचा नवा दांडगा प्रकार उभा राहिला, आणि २०२४ पासून त्याच्यावर निराळी बंदी आणावी लागली. हॉलंडने १९९३ साली पिटबुलवर घातलेली बंदी २००८ साली मागे घेतली, कारण चावण्याचे प्रकार कमी झाले नव्हते. ज्याला दहशत पाळायची आहे, तो एक नाव बंद झाले की दुसरे शोधतो. कुत्रा बदलतो, मालक तोच राहतो.

‘परदेशी सोडा, देशी पाळा’ असे म्हणणाऱ्यांनाही एक सांगतो. कृष्णेच्या खोऱ्यातल्या आपल्या भागाला मुधोळ कुत्र्याचा रास्त अभिमान आहे. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने ती जात जपली, २००५ साली तिच्यावर टपाल तिकीट निघाले, पुढे तिची पिल्ले लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रातही गेली. गोष्ट आनंदाची. पण मुधोळ हा शिकारी, धावणारा कुत्रा. त्याला रोज मोकळे रान लागते. त्याला सदनिकेच्या गॅलरीत बांधून ठेवाल तर देशीपणाचे पुण्य पदरात पडणार नाही, वेडापिसा झालेला कुत्रा पडेल. जात देशी की परदेशी, यापेक्षा तुमच्याजवळ जागा, वेळ आणि अक्कल आहे की नाही, हा प्रश्न आधीचा.

आणि ‘सोडून या कुठेतरी’? कुठे सोडायचा? बाजारात, किनाऱ्यावर, की घाटात दुसऱ्या राज्याच्या हद्दीत? आपल्या दारातला धोका उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवणे याला सुरक्षितता म्हणायचे काय? माणसांत वाढलेले जनावर असे टाकले की ते उपाशी आणि भेदरलेले फिरते. उपाशी, भेदरलेला, साठ किलोंचा कुत्रा ज्याच्या नशिबी येईल तोही कोणाचा नातू असेल. पाळलेले जनावर उपाशीतापाशी मरेल अशा अवस्थेत टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. अखंड आखूड साखळीला बांधून ठेवणे हाही त्याच कायद्याने गुन्हा. तेव्हा ‘बांधून टाका कायमचा’ हाही उपाय नव्हे. बारा महिने बांधलेला कुत्रा सुटतो त्या दिवशी काय करील, ते कोणी सांगू शकत नाही.

मग मार्ग कोणता? मार्ग गोव्यानेच दाखवला आहे, फक्त आपण तो विसरतो. एके काळी आपल्याकडे पिसाळलेल्या कुत्र्याच्या भीतीने माणसे पोरांना घराबाहेर सोडत नसत. भाषणे देऊन ती भीती गेली नाही. स्वयंसेवक आणि सरकारी खाते जाळी घेऊन वाड्यावाड्यांत हिंडले, शाळाशाळांत मुलांना समज दिली, लाखोंच्या संख्येने कुत्र्यांना लस टोचली, आणि २०१८ ते २०२० या तीन वर्षांत राज्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला, देशातले असे पहिले राज्य. भीती व्यवस्थेने हटली. घरातली भीतीही त्याच वाटेने हटेल.

त्या चवथीला मी ताईला समजावायला गेलो नाही. सीझर किती प्रेमळ आहे, हे एका शब्दाने सांगितले नाही. उलट माझ्या मुलाला तिच्यासमोर तोंड उघडायची बंदी केली. मी तिला एक कागद पाठवला, शाळेत सहलीच्या आधी पालकांना पाठवतो तसा. त्यात लिहिले होते : चवथीचे पाचही दिवस कुत्रा परसाच्या कुंपणात राहील, कुंपणाला कुलूप असेल, किल्ली माझ्या जानव्याला असेल. पहाटे पाचला आणि रात्री अकराला मुलगा त्याला दोन तास मागच्या वाटेने फिरवून आणील, तोंडाला मुसके आणि हातात दुहेरी पट्टा. मुलांपैकी कोणी कुंपणाजवळ जाणार नाही, त्यासाठी एक मोठा माणूस पाळीने परसदारी बसेल. फटाक्यांच्या वेळी त्याला आतल्या खोलीत दार लावून ठेवले जाईल. लसीच्या नोंदीची प्रत सोबत जोडली आहे. आणि शेवटी : यातली एकही गोष्ट मोडलेली दिसली तर तू त्या क्षणी निघून जा, मी स्वतः तुला दोडामार्गला पोचवीन.

ताई आली. नातवाला घेऊन आली. पहिल्या दिवशी तिने स्वतः जाऊन कुलूप ओढून पाहिले. मुलगा रागाने लाल झाला, मला मात्र तिचे फार कौतुक वाटले. माटोळीखाली बसून तिने पातोळ्या खाल्ल्या, आरतीला टाळ वाजवले. सीझरला तिने हात लावला नाही, त्याचे नाव घेतले नाही, आणि जाताना म्हणाली, “मला तो अजून नको वाटतो हो.” मी म्हणालो, “वाटू दे.” त्यानंतर ती प्रत्येक चवथीला येते आणि प्रत्येक चवथीला आधी कुलूप पाहते. वहिनीचे मत बदललेले नाही, पण तिचीही पाने आमच्याच पंगतीत वाढली जातात. घरातल्या सर्वांनी माझ्या कुत्र्यावर प्रेम करावे हा हट्ट मी कधीच धरला नाही. पंगत मोडू नये, एवढाच माझा हट्ट होता.

आता मालकांना उद्देशून चार शब्द. तुमचा कुत्रा कोणत्याही जातीचा असो, कुंपण, पट्टा, मुसके, लस, नसबंदी, रोजचा व्यायाम यांचा खर्च आणि कष्ट झेपत नसतील तर पाळू नका. मोठ्या कुत्र्याजवळ लहान मूल क्षणभरही एकटे ठेवू नका, मग ते मूल त्याच घरात जन्मलेले का असेना. आपल्या जनावरापासून दुसऱ्याच्या जीविताला धोका होऊ नये याची काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. शिक्षा लहान वाटत असेल, तर हणजूणच्या त्या घरात काय शिल्लक राहिले असेल ते आठवा. आणि कुत्रा चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि तडक दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची भरण्यात वेळ घालवू नका. जातिवंत कुत्र्याचा चावा असो वा गावठीचा, यात फरक नाही.

नातेवाइकांनाही एक विनंती. अट घाला. खुशाल घाला, लेखी घाला. कुलूप ओढून पाहा. अट मोडली तर येऊ नका. पण अट पाळली जात असेल तर ‘कुत्रा की माणसे’ असली पैज लावू नका. पाळलेले जनावर घरात आले की त्याचा भार वाहणे हेही त्या घराचे कर्तव्य होऊन बसते, आणि कर्तव्य पाळणाऱ्या घराला एकटे पाडणे हा काही मोठेपणा नव्हे.

ही दिवाळी आली आहे. नरकासुराच्या रात्री गावोगाव आवाज होतील, फटाके फुटतील, पहाटेपर्यंत ढोल वाजतील. भेदरलेला कुत्रा त्या रात्री साखळी तोडतो, कुंपणावरून उडी मारतो. मालकहो, तिन्हीसांजेलाच त्याला फिरवून, जेवू घालून आत घ्या, दारे-खिडक्या लावा, आणि कोणीतरी एक त्याच्याजवळ बसा. दाराशी फराळाला कोणी आले तर त्यांना काही सांगत बसू नका. उठा, आणि कडी नीट लागली आहे का ते त्यांच्या देखत पाहून या.